तूदाने घड्याळ मागे घेतलं तेव्हा

तूदा माझी थोरली नणंद. माझा नवरा हम्मू पुरात वाहून गेला तेव्हा ती नवऱ्याला सोडून माहेरी आलेलीच होती. भावाला माती दिली आणि ती थेट काईदच्या, म्हणजे सरकारी अंमलदाराच्या, कचेरीत जाऊन बसली. "नदीवर नजर ठेवायला कुणीतरी लागणारच ना तुम्हाला? मी ठेवते." तिला हाकलून हाकलून शेवटी तेच थकले. वर डोंगरात पाणी मोजणारे खांब उभे राहिले, खाली नदीकाठी भोंगा लागला आणि दोहोंच्या मध्ये, उतारावरच्या एका खोलीत, कॉम्प्युटरसमोर तूदा बसली. खांब पाण्याचा आकडा पाठवायचे, आकडा खुणेच्या वर गेला की भोंगा आपोआप वाजायचा. डोंगरातलं कनेक्शन सारखं तुटायचं, पण मशीन थोड्या वेळाने आपलं आपण जोडून घ्यायचं.

बायका तिला चिडवायच्या, "नवरा सोडला आणि नदीशी निका लावला बाईने."

"नदी निदान येताना सांगून येते," ती म्हणायची.

आमच्या देशात रमजानच्या आधीच्या रविवारी सगळीकडची घड्याळं तासभर मागे घेतात, तो दिवस होता. आम्ही बायका गालिचे आणि घोंगड्या धुवायला नदीत उतरलो होतो. पाणी घोट्याएवढं. म्हातारी फादमा सर्वांत पुढे, नातीच्या लग्नाचा गालिचा पायांनी तुडवत, गाणं म्हणत.

तिकडे खोलीत कचेरीतल्या मीमून कारकुनाचा फोन आला. "तूदा, तुझं मशीन अजून जुन्याच वेळेवर चालतंय. साहेब बघायला येणार आहेत, नीट कर."

"ते आपोआप बदलेल म्हणाले होते."

"बदललं का? नाही ना? मग हाताने कर. घड्याळ मागे घ्यायला काय इंजिनियर लागतो?"

तूदाने घड्याळ तासभर मागे घेतलं. पडद्यावर पाण्याचा आकडा हिरवाच होता. ती चहा करायला उठली.

चहा पिऊन झाला, भांडी विसळून झाली, तरी आकडा हलला नाही. खिडकीतून पाहिलं तर वरचा डोंगर दिसेनासा झालेला, काळा ढग खाली उतरलेला. नदी एवढी स्थिर कधीच नसते हे तिला ठाऊक होतं. तिने वायर काढून लावली, कनेक्शनची पेटी बंद करून सुरू केली. आकडा तोच, हिरवा. वरच्या गावातल्या धनगराला फोन लावला, लागेना. शहरातल्या युबाला लावला. मशीन त्यानेच बसवलेलं.

"ढगांमुळे असेल हो. थांबा जरा, येईल परत."

"थांबा काय थांबा! बायका नदीत आहेत माझ्या!"

"मी इथून काय करू, बाई?"

ती पुढे मला सांगत होती, "इज्जा, एकेक कळ दाबून पाहिली. देवा, मी आज काय वेगळं केलं, एवढंच डोक्यात." आणि मग तिला आठवलं. आज तिने फक्त घड्याळाला हात लावला होता. तिने ते परत तासभर पुढे नेलं.

क्षणभराने आकडा आला. लाल. खुणेच्या कितीतरी वर.

भोंगा मात्र वाजला नाही. पडद्यावर भोंग्यापुढे लिहून आलं, संपर्क नाही. आत्ता आत्तापर्यंत तो नीट जोडलेला होता. तूदाने पडद्यावर मूठ आपटली, त्याला आईवरून शिवी घातली आणि अनवाणी धावत सुटली.

आम्हाला ती उतारावर दिसली तेव्हा कुणीतरी हसलं, "बघा, नदीची बायको आली धुणं घेऊन!" तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातली घोंगडी गळाली.

"वर चढा! टाका ते सगळं, वर चढा!"

"वन्सं, भोंगा तर वाजला नाही..."

"मेला तो भोंगा! चढ म्हणते ना!"

आम्ही चढलो. पोरींना ओढत, एकमेकींना ढकलत. वळणापलीकडून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला तेव्हा आम्ही काठावर पोचलो होतो. फादमाही पोचली होती. मग तिने मागे वळून पाहिलं. "अगं, पोरीचा गालिचा!" आणि ती खाली उतरली. तूदाने तिच्या शालीचं टोक पकडलं. शाल तूदाच्या हातात राहिली.

फादमा दुसऱ्या दिवशी खजुरांच्या बागेत सापडली.

कचेरीत चौकशी बसली. युबाने सगळं सांगितलं. तुटलेलं कनेक्शन पुन्हा कधी जोडायचं ती वेळ मशीनने आपल्या घड्याळावर ठरवलेली असते. घड्याळ मागे गेलं तेव्हा वरच्या खांबांचं कनेक्शन तुटलेलंच होतं; ती वेळ तासभर लांब गेली आणि मशीन जुनाच आकडा दाखवत गप्प बसून राहिलं. घड्याळ एकदम पुढे गेलं तेव्हा मशीनला वाटलं, भोंगा तासभर काही बोललाच नाही, म्हणजे मेला. म्हणून त्याने भोंग्याचं कनेक्शनच तोडलं. "वेळ अशी हाताने हलवायची नसते," तो मान खाली घालून म्हणाला. "हे मी आधी सांगायला हवं होतं."

साहेबांनी विचारलं, "घड्याळाला हात कुणी लावला?"

"मी," तूदा म्हणाली.

मीमून खिडकीबाहेर बघत होता. मी दारातून ओरडले, "सांग ना रे, फोन कुणी केला होता!" शिपायाने मला बाहेर काढलं.

फादमाचा मुलगा घरी आला तेव्हा तूदाने ती शाल धुऊन घडी करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती घेतली. पाणीही न पिता तो निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती रात्रभर म्हणत राहिली. रमजानभर ती आमच्याबरोबर रोजा सोडायला बसायची, पण हरिऱ्याच्या कढणाची वाटी तिच्यापुढे तशीच निवायची.

नोकरी राहिली, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. ईद झाल्यावर घड्याळं पुन्हा पुढे न्यायचा दिवस आला. युबा स्वतः येऊन मशीनजवळ बसला. गावातली एकही बाई नदीत उतरली नाही. तूदा खोलीत थांबली नाही. ती वरच्या वळणावर गेली आणि उन्हात एका खडकावर बसून राहिली. मी भाकरी घेऊन गेले.

"वन्सं, खाऊन घ्या दोन घास."

"ठेव तिथे," ती म्हणाली. पाण्यावरची नजर तिने काढली नाही.