हेडफोनची सुटी वायर

दुकानाच्या दाराला मी लिंबू-मिरचीसुद्धा टांगत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. अमरावतीत माझं शेतीपंपांचं दुकान आहे. मोटर बंद पडली की बेअरिंग बघायचं, वायंडिंग बघायचं. नजर लागली वगैरे माझ्याकडे चालत नाही. त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते माझ्याच कानांच्या बाबतीत.

माझा नवरा अविनाश. त्याच्याकडे सात वर्षांपासून एक काळी टर्बो पेट्रोल गाडी आहे. मला ताप आला की "गोळी घे", एवढंच. गाडीचा आवाज जरा बदलला की हा लगेच अकोल्याला. अकोल्यात पल्लवी आहे, ती गाड्यांचं ट्यूनिंग करते – म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवून देते. पस्तिशीची, हुशार, हसरी. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, त्या दाबाला बूस्ट म्हणतात. या दोघांचं फोनवर अर्धा-अर्धा तास त्या दाबावर बोलणं चालतं. माझ्याशी तो सलग अर्धा तास शेवटचा कधी बोलला, आठवत नाही. जळत होते का? हो, जळत होते. पल्लवीवर कमी, गाडीवर जास्त.

त्या रविवारी अशा ट्यून केलेल्या गाड्यांचा ग्रुप सेमाडोहच्या जंगलात फिरायला जाणार होता. घाटात आपली गाडी सगळ्यांच्या पुढे हवी म्हणून याला बूस्ट आणखी वाढवून हवा होता. मीही येते म्हटलं, तर म्हणाला, "तू काहून? एक माणूस कमी असला का गाडी हलकी रायते."

म्हणून शनिवारी अकोल्याला मी मुद्दाम सोबत गेले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका रिकाम्या रस्त्यावर चाचणी होती. अविनाश चालवत होता, पल्लवी शेजारी लॅपटॉप घेऊन, आणि मी मागे. तिने इंजिनला एक छोटा मायक्रोफोन बांधला होता. त्याचा आवाज एका डबीतून मोठ्या हेडफोनमध्ये यायचा. पहिली फेरी झाल्यावर गाडी उभी करून, रेस देऊन, दोघांनी एकेक कान लावून तो ऐकला. डोक्याला डोकं लावून.

"पाह्य, कशी मस्त श्वास घेऊन रायली!" अविनाश म्हणाला. माझ्या दम्याबद्दल त्याने कधी एवढ्या कौतुकाने विचारलेलं नाही.

पल्लवीने मागे वळून मला समजावलं, "वहिनी, पेट्रोल वेळेआधी भडकलं का आतमंदी ठोका बसते. त्याले नॉक म्हन्तेत. इंजिनले त्यासाठी एक सेन्सर असते, कानासारखा. त्यानं ठोका ऐकला का कॉम्प्युटर लगेच बूस्ट कमी करते. म्हून भ्याचं काम नाई."

सेन्सरचा आकडा शून्य होता. तिने बूस्ट वाढवला आणि हेडफोन मागच्या सीटवर टाकले.

दुसरी फेरी सुरू झाली. पुढे दोघांचं हसणं-खिदळणं चाललेलं. ते कानावर नको म्हणून मी हेडफोन चढवले. अविनाशने ॲक्सिलरेटर दाबला – आणि आवाज आला. टिनाच्या डब्यात तुरीचे दाणे ओतावेत तसा. कोरडा, कडक, वेगाबरोबर वाढत जाणारा...

"थांबवा वो! आतमंदी काहीतरी फुटून रायलं!"

त्याने वैतागून गाडी कडेला घेतली. पल्लवीने स्क्रीन पाहिला. "शून्य हाय, वहिनी. एकबी ठोका नाई."

"मले ऐकू आला. दाने पडल्यासारखा."

तिचा चेहरा बदलला. "तसाच असते तो. तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? याच्यातूनच ऐकला ना."

तिने वाकून हेडफोनची वायर उचलली. तिचं सुटं टोक माझ्या चपलेजवळ पडलं होतं. डबी पल्लवीच्या बॅगेत होती. बंद.

अविनाश हसला. "गाडीवर जळते हे. उद्या जाऊ नये म्हून नाटक करून रायली. चाल, आखरी एक फेरी घेऊ."

"घ्या," मी म्हटलं, "मी उतरते." आणि उतरले. उन्हात, रस्त्याच्या कडेला. त्याने गाडी सुरू केली. मला इथे उभी ठेवून हा तिच्यासोबत निघून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आवाजापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

पल्लवीने हात पुढे करून इंजिन बंद केलं. "दादा, आधी प्लग पाहू."

इंजिन निवल्यावर तिने एकेक स्पार्क प्लग काढला. तिसऱ्यावर बारीक चमकते कण होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम! आणखी एक फेरी झाली असती, तर पिस्टनला भोक पडलं असतं, ती म्हणाली. बूस्ट पार उतरवून आम्ही हळूहळू तिच्या गॅरेजात परतलो. तिथे सेन्सरचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. ढिला सेन्सर बहिराच. दिवाळीत तो अविनाशने स्वतः काढून बसवला होता – गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून.

सेन्सरचं कोडं सुटलं. माझं नाही. आवाज पत्र्यातून आला असेल का? पल्लवी म्हणते, एक्झॉस्टच्या त्या गोंगाटात, कान झाकलेले असताना, शक्यच नाही. नंतर मी तेच हेडफोन तसेच सुटे लावून दोन-चार गाड्यांत बसले, दुकानातल्या पंपाशीही बसले. काही नाही. सेन्सर घट्ट बसल्यावर याच गाडीतही पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही.

सेमाडोह रद्द झालं. त्या संध्याकाळी घरी येताना, मूर्तिजापूर मागे पडल्यावर अविनाश म्हणाला, "सात वर्षं म्या तिची सेवा केली. मले कधी काही सांगतलं नाई तिनं. तुले काहून सांगतलं?"

त्याच्या आवाजात जे होतं ते मी चांगलंच ओळखून होते. बडनेरा येईपर्यंत मी पुढच्या सीटवर मागे टेकून बसले आणि त्याला जळू दिलं.