फुगे बांधताना

छर्रा लागला तेव्हा आक्का फळीवर फुगा बांधत होती. डोळ्यावर हात दाबून वळली आणि बोटांतून रक्त आलं.

निपाणीच्या उरुसात माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, फुगे फोडायची गाडी होती. मी फुगे फुगवायची. एक गडी नव्या बायकोला नेम दाखवायला आला. दाजी म्हणाले, "थांब रं, बाई म्होरं हाय."

"बंदूक रिकामीच हाय की वो, मालक," म्हणून त्यानं हसत चाप ओढला.

माझ्या तोंडातला फुगा सुटून भिरभिरत गेला. लोक त्यालाच हसले.

काल बेळगावात आक्काच्या नातीची एअर रायफलची स्पर्धा होती. दाराला फुगे लावलेले, रबराचा तोच वास. सर नियम सांगत होते. डोळ्यांवर चष्मा हवा, शिट्टीशिवाय रेषेपुढं जायचं नाही, रिकामी बंदूकही भरलेलीच समजायची. पोरी जांभया देत होत्या.

"आज्जी, बस की गं. दरवेळी हेच सांगत्यात," नात मला म्हणाली.

मला बसवेना. पोरी निशाणाचे कागद बदलायला पुढं गेल्या, तेव्हा मी टेबलावरच्या बंदुकांवरची नजर काढली नाही.

आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढच्या उरुसात आक्का फुगे बांधायला जाताना बंदूक काखेत मारून न्यायची. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "एकच डोळा ऱ्हायलाय बाबा."

आक्का जगली. काल ती माझ्या शेजारीच बसली होती, उरलेल्या डोळ्यानं नातीचा नेम बघत.