तीन नंबर पंपावर काय चालतं?

मावळातल्या माणसाने पाण्याचं रडगाणं गायलं की बाहेरचे हसतात. हसोत बापडे. लोणावळ्याला भिजायला येणाऱ्यांनी आमचा वैशाख कधी बघितलेला नसतो. चार महिने पाऊस असा कोसळतो की चूल पेटत नाही, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायका नदीतल्या डबक्यापर्यंत पाय ओढत जातात. वलवणच्या धरणात पाणी असायचं, पण ते घाटाखाली वीज करायला जायचं. आमची वस्ती कार्ल्याच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होतो. आमचा धर्म बदलला, पण गावच्या विहिरीवर आमच्या बायका दिसल्या की लोकांच्या कपाळाला पडणाऱ्या आठ्या काही बदलल्या नाहीत. त्या बघण्यापेक्षा माझी आई नदीवर जाणं पत्करायची.

मग हायवेलगत कारखाना आला, आणि कारखान्यामागोमाग वस्तीच्या टोकाला एक नळ आला. सकाळी दोन तास पाणी यायचं. ते कुणी दिलं, का दिलं, हे कुणी विचारलं नाही. मिळतंय ना, मग गप बसा, असा सगळा मामला.

सत्तर सालानंतर मी त्याच कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलो. लोखंडाचे भाग ओतायचे, आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्यांनी साफ करायचे, हे तिथलं काम. आमच्या खात्याला सर्व्हिसेस म्हणत. पाणी, हवा, वाफ, तेल, सगळं आमच्याकडून जायचं. माझ्यासमोर एक लांबलचक बोर्ड, त्यावर हिरवी-लाल बटणं, आणि टेबलावर काळा फोन. फोनवरून हुकूम यायचा, "दोन नंबर कंप्रेसर चालू." तो हुकूम आपण तसाच्या तसा परत म्हणायचा, मग बटण दाबायचं, मग वहीत लिहायचं. आता बटण म्हणजे काय घरातला दिवा नव्हे. आधी कंप्रेसरचं, म्हणजे हवा दाबून छिन्न्यांना पुरवणाऱ्या यंत्राचं, गार पाणी, मग तेलाचा पंप, मग तेलाचा काटा चढेपर्यंत थांबायचं, आणि मग कंप्रेसर. बंद करताना बरोबर उलटं. घाई केली की बेअरिंग जळलंच म्हणून समजा.

हे मला आबांनी शिकवलं. आबा वरच्या ठाकरवाडीचे, शाळेची पायरीही न चढलेले, पण अख्खं मशीनघर त्यांच्या डोक्यात होतं. "आदी कोन कुनाच्या जिवावर हाय त्ये बघ, मंग हात लाव," असं दिवसातून दहादा ऐकवायचे. चुकलो तर आई-माईवरून शिव्या घालायचे आणि लगेच चहा मागवायचे. असा गुरू मला पुन्हा मिळाला नाही.

रिटायर व्हायच्या आठवड्यात आबा मला कुंपणाबाहेर घेऊन गेले. तीन नंबर पंप नदीचं पाणी उचलायचा. पूर्वी त्यावर सकाळचे दोन तास चालणारा जुना कंप्रेसर गार होत असे. तो भंगारात गेला, आणि नव्याला, म्हणजे दोन नंबर कंप्रेसरला, एक नंबर पंपाचं पाणी जोडलं गेलं. तरी आबा रोज सकाळी तीन नंबर दोन तास चालवायचेच. कुणी विचारलं तर म्हणायचे, हौद भरतोय. त्या दिवशी त्यांनी एक धोंडा सरकवला आणि खालचा जोड दाखवला. पंपाच्या मोठ्या पाइपाला फोडून काढलेला बारका पाइप सरळ आमच्या वस्तीकडे गेला होता.

"म्हणजे आमचा नळ कारखान्यानं दिलेला नाही?" मी विचारलं.

"दिलाय? कोन देतंय रं?" आबा हसले. "पाइप टाकताना तुमच्या वस्तीत पानी मागितलं. तुझ्या आयेनं तांब्या भरून दिला. नदीवरनं आनल्यालं पानी, त्ये बी भर उन्हातनं. लय लाज वाटली मला. दुसऱ्या दिशी टाकला जोड. ह्ये कागदावर कुटं न्हाई, तुझ्या डोस्क्यात ठेव."

ठेवलं. आबा गेले, आणि मी रोज सकाळी हौद भरू लागलो.

वर्षभरात पुण्याचे एक नवे साहेब आले. तरुण, चष्मेवाले, आणि मला अहो-जाहो करणारे. तोवर मला कारखान्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं. खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. एवढं गोड बोलतोय म्हणजे काहीतरी काढून घेणार, असंच वाटलं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला एक मोठा आखलेला कागद दिला. प्रत्येक यंत्रापुढे दोन रकाने. हे चालू करण्याआधी काय चालू हवं? आणि ह्याच्यावर काय चालतं?

"आबांच्या डोक्यातलं तुमच्याकडे आहे, तुमच्या डोक्यातलं कागदावर येऊ द्या," ते म्हणाले. "आणि ज्याच्यावर काहीच चालत नाही ते आपण बंद करून टाकू. उगाच वीज कशाला जाळायची?"

बाकीची यंत्रं मी तासाभरात लिहून काढली. तीन नंबर पंपाशी येऊन बसलो तो दोन दिवस तिथेच. 'वस्तीचा नळ' असं लिहावं, तर आपण होऊन चोरी कबूल करायची. नळ तर तुटणारच, शिवाय माझीही उचलबांगडी. काही लिहू नये, तर पंप बंद. साहेबांसमोर जाऊन सगळं सांगावं, हेही मनात आलं होतं. त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. आत ते टेबलावर वाकून काम करत होते, मला बघून "या ना" म्हणाले, आणि मी रजेचं काहीतरी बोलून परत फिरलो. कुठून आली ती दुर्बुद्धी कोण जाणे. तिसऱ्या दिवशी मी त्या रकान्यात लिहिलं, 'दोन नंबर कंप्रेसरचं गार पाणी, जादा.'

झाली ना पंचाईत! आबांसारखा माणूस असता तर त्याने कागद गुंडाळून खणात टाकला असता. साहेब पडले शिकलेले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मग हे माणसाच्या आठवणीवर ठेवायला नको." वायरमन बोलावून बोर्डात अशी जोडणी करून घेतली, की तीन नंबरच्या पाण्याला दाब असेल तरच दोन नंबर कंप्रेसर चालेल; दाब पडला की कंप्रेसर आपोआप बंद. मी शेजारी उभा राहून वायरमनला पक्कड देत होतो.

आणि काय सांगू, त्यानंतरचे महिने म्हणजे सुख होतं. कंप्रेसर दोन पाळ्या चालायचा, म्हणून पंप दोन पाळ्या, म्हणून नळाला दिवसभर पाणी! वस्तीतल्या बायका दुपारी गोधड्या धुऊ लागल्या. "आता काय बाबा, कारखानदाराची आय हाय ही, हिला आदी भरू द्या," असं म्हणून त्या आईला चिडवायच्या, आणि आई खोटं रागावून पुढे सरायची. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. नदी सुटली म्हणून तिचं वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटायचं. मी तर स्वतःवर बेहद्द खूश होतो.

वैशाखात नदी आटली. पंपाची खालची नळी उघडी पडायला आली, पाण्याबरोबर हवा खेचू लागली. दाब पडला, की धाडकन कंप्रेसर बंद. तो बंद, की शॉपमधल्या, म्हणजे माल साफ करायच्या शेडमधल्या, साऱ्या छिन्न्या थंड. फोन खणखणायचा, "दोन नंबर चालू!" मी म्हणायचो, "दोन नंबर चालू," बटण दाबायचो, आणि बोर्ड घ्यायचाच नाही. चार दिवस हेच. शॉपची माणसं आम्हाला शिव्या घालत होती, साहेबांना वरून बोलणी बसत होती. त्या खोट्या वायरीची गोम मला एकट्याला ठाऊक. नुसतं एवढं बोललो असतो, की साहेब, ही वायर काढा, कंप्रेसरला त्या पाण्याची गरजच नाही, तर पाच मिनिटांत काम सुरू झालं असतं. बोललो नाही. पाऊस तोंडावर आलाय, नदी चढेल, तेवढे दिवस निभतील, असं म्हणत दातखीळ बसल्यासारखा बसून राहिलो. लाज वाटते सांगायला, पण बसून राहिलो.

चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः ती वायर सोडवली. कंप्रेसर सुरू केला आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. अर्धा तास गेला, तो काही तापला नाही. मग तीन नंबरचं पाणी जातं तरी कुठे, हे बघायला ते पाइपाच्या कडेकडेने चालू लागले. मी मागे. धोंड्याशी पोचले, धोंडा सरकवला. तिथून आमची वस्ती समोर दिसत होती, नळावरच्या बायकाही दिसत होत्या.

"तुमचं घर इथेच ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

साहेबांनी बायकांकडे बघितलं. मग म्हणाले, "अहो, त्या रकान्यात हेच लिहायचं होतंत. वस्तीचा नळ. मी सही करून वर पाठवलं असतं, मंजूर करून घेतलं असतं. आता चार दिवस काम बुडाल्यावर कुठल्या तोंडाने पाठवू?"

खरंच केलं असतं का त्यांनी? की तेव्हा बोलायला सोपं होतं म्हणून बोलले? ह्या एका प्रश्नाने माझं आयुष्य पोखरलं. केलं असतं असं मानलं, तर वस्तीचं पाणी मी माझ्या हाताने घालवलं. नसतं केलं असं मानावं, तर तो मला 'या ना' म्हणणारा माणूस आठवतो. साहेबांनी रिपोर्टात 'जुना, विसरलेला जोड' एवढंच लिहिलं आणि माझी नोकरी वाचवली. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मला कधी धड पेलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. "तीन नंबर बंद. कायमचा." आवाज साहेबांचाच होता. मी नेमाप्रमाणे परत म्हणालो, "तीन नंबर बंद, कायमचा." आणि लाल बटण दाबलं. दोन नंबर कंप्रेसर जसा चालत होता तसाच चालत राहिला. मी वहीत वेळ लिहिली.

घरी गेलो तर आई दारात बसली होती. "अर्दाच भरला रं हंडा, तेवढ्यात पानी गेलं," ती म्हणाली. "काय मोडलं का तुज्याकडं?"

खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि म्हणालो, "पंप बिघडलाय, आये."

"मंग कर की नीट. तूच हायस ना तितं."

आणि तिने ते सगळ्या वस्तीला सांगितलं. माझा ल्योक हाय तितं, करतोय. बायकांनी ऐकलं, का नाही ऐकणार? रोज पहाटे नळापासून हंड्यांची रांग लागायची, आणि मी सायकल हातात धरून त्या रांगेच्या बाजूने पहिल्या पाळीला जायचो. "झाला का रं नीट?" कुणीतरी विचारायची. "होतंय, मावशी," मी म्हणायचो. आठवडा गेला, तशी रांग आखडत गेली. एकेक बाई आपला हंडा उचलून मुकाट्याने नदीची वाट धरू लागली. मला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मृगाच्या आधी एके दिवशी बाहेर पडलो, तर नळाखाली एकच हंडा होता. तो आमचा होता, आणि आई त्याच्या शेजारी गुडघे धरून बसली होती.