फ्राऊ हेंकेलचं आवडतं गाणं

आमच्या घरात चार माणसं आहेत आणि चौघांपैकी एकालाही गाता येत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे घडलं त्याचा दोष उगाच कुणी नशिबाला देऊ नये.

आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मला राहतो. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ हेंकेल राहतात. (इथे नावाआधी बाईंना 'फ्राऊ' म्हणतात आणि पुरुषांना 'हेर'.) सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या आणि अजून काठीसारख्या ताठ. गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोचं, मंजिरीचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. मी हॉस्पिटलमध्ये, आई पुण्यात, आणि आमची सहा वर्षांची लेक इरा कुठे? तर फ्राऊ हेंकेलच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं सूप पीत बसलेली! मंजिरी घरी येईपर्यंत त्यांनी इराला शाळेत पोचवलं, परत आणलं, गोष्टी सांगून झोपवलं. मी आभार मानायला लागलो की म्हणायच्या, "आल्झो, बरं तर, हेर आपटे, आता तुम्हीही दोन घास खाऊन घ्या." या देशात आम्हाला घरचं म्हणावं असं हे एकच माणूस. त्या नसत्या तर आमचं काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

म्हणून उन्हाळ्यात त्यांच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, तेव्हा पुण्याहून आलेल्या आईने तातडीची बैठक भरवली.

"नुसतं चॉकलेट देऊन भागायचं नाही, श्री. केवढं केलंय त्या बाईने!"

"पुरणपोळ्या करूया?" मी म्हणालो.

"त्यांना डायबेटिस आहे," मंजिरी म्हणाली.

"मग साडी?" आई.

"अहो आई, त्या सहा फूट उंच आहेत. गुडघ्यापर्यंत येईल!"

तेव्हा मला ती कल्पना सुचली. (आमच्या घरातली सगळी संकटं 'कल्पना' म्हणूनच जन्माला येतात.) आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, तिला केरवोखे म्हणतात. आपली पाळी आली की फ्राऊ हेंकेल झाडता झाडता एक गाणं गुणगुणायच्या. नेहमी तेच! मी दाराआडून ते मोबाईलला ऐकवलं आणि मोबाईलने पत्ता लावला. युरोपातल्या देशादेशांची गाण्यांची मोठी स्पर्धा असते ना, तिच्यात फ्राऊ हेंकेलच्या तरुणपणी पहिलं आलेलं इंग्रजी गाणं होतं ते!

"जिंकलेलं गाणं, आणि सारखं ओठांवर! म्हणजे जीव की प्राण असणार!" मी जाहीर केलं. "आपण चौघांनी ते गाऊन दाखवायचं!"

मंजिरीने ऑपरेशनच्या आधी सर्जनकडे जसं बघितलं होतं, तसं माझ्याकडे बघितलं.

तालमी सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी आई आनंदाने ओरडली, "अरे, हे तर आमच्या भजनाच्या ठेक्यात अलगद बसतंय!" आणि तिने बॅगेतून टाळ काढले. (ती एक वेळ पासपोर्ट विसरेल, टाळ नाही!) मंजिरीने मोबाईलवर पेटीचं अॅप घेतलं. मूळचं नाचरं, प्रेमात पडलेलं गाणं. आमच्या हाती लागल्यावर त्याची काकड आरती झाली. इराने कानांवर हात ठेवले.

"पापा, बिटे निष्ट!" (तिला मराठी सगळं कळतं. 'प्लीज नको' मात्र ती जर्मनमध्येच सांगते.)

वाढदिवस खालच्या अंगणात होता. केक, कॉफी, फ्राऊ हेंकेलच्या मैत्रिणी, आणि समोरच्या दारातले हेर फोग्ट. मी उभा राहून घोषणा केली, "प्रिय फ्राऊ हेंकेल, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल, तुमचं सर्वांत आवडतं गाणं!"

पहिली ओळ झाली आणि सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले. मला वाटलं, रंगलं! तेवढ्यात हेर फोग्ट आमच्याकडे बघत हळूहळू मान हलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे. आता गाणं ऐकताना माणूस अशी मान कधी डोलावतो, हे काय आम्हाला कुणी शिकवायला हवं?

"दाद देतायत रे!" आई कुजबुजली आणि तिने पट्टी वर चढवली.

हेर फोग्ट दोन्ही हात हलवायला लागले.

"ताल धरतायत!" म्हणत मी तीच ओळ पुन्हा घेतली.

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"तल्लीन झाले!" आई म्हणाली.

इतक्यात फ्राऊ हेंकेलनी नॅपकिन तोंडावर धरला. त्यांचे खांदे गदगदत होते.

"थांबा, थांबा! त्या रडतायत," मंजिरी म्हणाली.

हेर फोग्ट धावत माझ्यापाशी आले. "अहो हेर आपटे, काय केलंत हे! हे गाणं जिंकलं त्या वर्षी त्याच स्पर्धेत फ्राऊ हेंकेल जर्मनीच्या गायिकेच्या मागे कोरसमध्ये उभ्या होत्या! याच गाण्याने त्यांना हरवलं! दुसरा नंबर! हे रेडिओवर लागलं तरी आम्ही बंद करतो!"

"पण त्या तर सारखं तेच गुणगुणतात!"

"गेनाऊ! अगदी बरोबर! डोक्यातून जातच नाही, हेच तर त्यांचं दुखणं आहे!"

जिने आमचं लेकरू सांभाळलं, तिच्या जुन्या जखमेवर आम्ही सहकुटुंब, टाळांच्या गजरात मीठ चोळलं होतं! आता ही बाई आमच्याशी बोलेल की नाही, या विचाराने मला खरंच रडू यायला लागलं. मी त्यांच्या खुर्चीशी गेलो. "फ्राऊ हेंकेल, माफ करा. आम्हाला फक्त आभार मानायचे होते."

त्यांनी नॅपकिन बाजूला केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाई हसत होत्या! हसून हसून त्यांना श्वास घेता येईना.

"हेर आपटे," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे गाणं आजवर सगळ्यांनी चांगलंच गायलं हो! कुणीतरी त्याचे असे धिंडवडे काढावेत, म्हणून मी जन्मभर थांबले होते. इतकी सुंदर भेट मला कुणीच दिली नव्हती!"

आणि त्यांनी आईला मिठी मारली. आईला जर्मनचं अक्षर कळत नाही. ती मला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? बाईला गाण्याची जाण आहे!"

मी आयुष्यात अनेकांचे आभार मानले आहेत, पण आभार मानताना स्वतःलाच इतकं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. तोवर फ्राऊ हेंकेल टेबलावर हात आपटत ओरडायला लागल्या होत्या, "नोख आइनमाल! नोख आइनमाल!" म्हणजे चक्क वन्स मोअर! माझ्या गळ्याला मिळालेला पहिला आणि शेवटचा!

आम्ही ताबडतोब पुन्हा सुरू केलं. या खेपेला त्यांच्या समाधानासाठी मी मुद्दाम, अगदी जीव ओतून, वाईट गायलो. मंजिरी म्हणते, काडीचाही फरक पडला नाही.