ब्रेक नसलेली गाडी

इथे आखातात, जिदहफ्समधला आमचा मेकॅनिक मालवणकडचा. शुक्रवारी आम्ही हौशी मंडळी वाळवंटात जुन्या स्पीडवे मोटरसायकलींची शर्यत लावतो. या गाड्यांना ब्रेकच नसतो. शर्यत सुटली की हा पाठ फिरवून नुसता आवाज ऐकतो. हरलो तरी ‘यल्ला, चाय घेवया’, जिंकलो तरी तेच.

परवा माझं मनगट सुजलं होतं. मी घाईने हातमोजा चढवला. त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग ढकलून ढकलून दमलो, पण गाडी सुरूच होईना.

‘खलास. आज नाय,’ तो म्हणाला. मी त्याला नको ते बोललो.

नंतर रुमाल काढताना त्याच्या खिशातून नवा स्पार्क प्लग पडला, सकाळीच माझ्यासमोर त्याने माझ्या गाडीला बसवलेला.

‘झिला, हिका ब्रेक नाय. म्हणान मी आसंय.’

मी हातमोजा काढला आणि सुजल्या हातानेच त्याच्या कपात चहा ओतला.