तहानलेली झाडं आणि सौंसरचं घर

सौंसरचे ते घर मी नाकारून आलो, आणि वर त्याचा मला अभिमानही वाटत होता. घर तसे चांगले होते. दोन खोल्या, ओसरी, छपराचे कवेलू नुकतेच फेरलेले आणि मागच्या अंगणात बांधीव विहीर. डोकावलो तर पाणी पार वर आलेले. पण पौषात कोणत्या विहिरीला पाणी नसते? मी तेवढ्यावर भुलणारा नव्हतो. कुंपणापलीकडे घरमालकाचीच संत्र्याची बाग होती, तिला पाणी याच विहिरीचे. ती झाडे माना टाकून उभी होती. पाने वळलेली, पिवळट, खालची काळी जमीन भेगाळलेली. पाणी असून हा माणूस झाडांना देत नाही, म्हणजे पुरवून पुरवून वापरतो आहे, म्हणजे उन्हाळ्यात विहीर कोरडी. एवढा विचार मी उभ्या उभ्या केला, मालकाला हात जोडले आणि घर नको म्हणून सांगितले. त्याने तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि ‘बरं’ म्हणाला.

हे त्या वर्षीचे, जेव्हा नागपूरची राजधानी गेली, विदर्भ तिकडे मुंबईला जोडला गेला आणि आम्ही मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशात राहिलो. सौंसरच्या शाळेतले नागपूरकडचे एक गुरुजी मुंबई राज्यात नेमणूक मागून निघून गेले आणि त्यांच्या खुर्चीवर पांढुर्ण्याहून मला पाठवले. आठवडाभर मी सौंसरला एका सहकाऱ्याच्या पडवीत झोपायचो आणि रविवारी पांढुर्ण्याला घरी यायचो. तिथे बायको दोन लेकरे सांभाळून गल्लीच्या टोकावरच्या सार्वजनिक विहिरीवरून पाणी वाहायची. उन्हाळ्यात त्या विहिरीवर पाण्यापेक्षा भांडणेच जास्त निघत. तिची कंबर मागच्या जेठात एकदा धरली होती, ती पुरती सुटलीच नाही. म्हणून नव्या घराबद्दल तिची एकच अट होती. घर कसेही असो, अंगणात विहीर पाहिजे आणि तिला जेठात पाणी पाहिजे.

मी मात्र विहिरीपेक्षा ऋतूचाच विचार जास्त करत होतो. घर बदलायला योग्य काळ कोणता, यावर माझे पक्के मत होते, म्हणजे दर रविवारी नवे पक्के मत होते. उन्हाळ्यात लेकरांना लू लागेल. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलबंडी आखापर्यंत रुतेल. भादव्यात तर अंगाला असा घाम चिकटतो की उचललेला पेटारा हातातून निसटायचा. राहता राहिला हिवाळा, तर हिवाळ्यात गावातली एकूण एक बंडी कापूस घेऊन जिनिंगकडे चाललेली. बायको म्हणायची, आधी घर तर पाहा, मग हवा पाहा.

तर घर पाहून, नाकारून मी आलो. ती ओसरीवर तूर पाखडत होती. मी सगळे सविस्तर सांगितले, कसा मी फसलो नाही ते विशेष सविस्तर. तिने सूप थांबवले.

“पानं वळली होती?”

“पार.”

“जमिनीले भेगा?”

“बोट जाईल एवढ्या.”

“अन् विहीर?”

“वरपर्यंत भरलेली. तेच तर म्हणतो मी.”

तिने सूप खाली ठेवले. तिगावजवळच्या संत्र्यावाल्या घरची ती मुलगी, आणि मी चार पिढ्यांच्या किराणा दुकानातला मुलगा, संत्रे टोपलीत पाहिलेला. “अहो, झाडं ताणावर आहेत,” ती म्हणाली, आणि एखाद्या ढ पोराला सांगावे तसे तिने मला सांगितले. हिवाळ्यात झाडाचे पाणी मुद्दाम तोडतात. तहानले की झाड हट्टाला पेटते, मग पाणी सोडले की माघात फुलांनी लदबदते. हाच आंबिया बहार. पण ही फळे उभा उन्हाळा झाडावर राहतात, त्यांना पाणी पाजावे लागते. ज्याच्या विहिरीला जेठात पाणी नाही, तो या भानगडीत पडतच नाही, तो पावसाच्या भरवशावर मृगाचा बहार घेतो. पौषात तहानलेली बाग म्हणजे उन्हाळ्यात न आटणारी विहीर.

मी शाळेत भूगोल शिकवत असे, हे इथे सांगितलेच पाहिजे का, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने आम्ही दोघे निघालो, लेकरे शेजारी ठेवून. मी वाटभर मालकाला काय सांगायचे ते जुळवत होतो. ती एवढेच म्हणाली, की घर कोणी घेतले नसेल तर जामसांवलीच्या मारुतीला नारळ. तिचा हात कमरेवर होता.

मालक अंगणातच बसला होता. बायको त्याला नमस्कार करून सरळ बागेत गेली, एक पान चुरगळून पाहिले आणि विचारले, “काकाजी, पाणी कधी सोडून राहिले?”

म्हातारा उठून उभाच राहिला. “कुठची वं पोरी तू?” तिने गाव सांगितले. मग त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि सगळा उलगडा झाल्याचे हसू त्याच्या मिशीत दिसले.

“घर गेलं का?” मी विचारले.

“कुठचं जाते जी. तहसिलीतले बाबू येऊन गेले, दवाखान्यातले कंपाउंडर येऊन गेले. साऱ्यायनं झाडं पाहिली अन् हात जोडले. तुमच्यावानीच.”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलंच कुठं, गुरुजी? तुम्ही नको म्हटलं, मी बरं म्हटलं.”

अशा रीतीने त्या घराची राखण तालुक्यातल्या शिकलेल्या लोकांनी केली. केव्हा येता, असे त्याने विचारताच मी ऋतूंवर सुरुवात केली, पण भादव्यापर्यंत पोचायच्या आधीच त्या दोघांनी ठरवून टाकले होते. त्याच्या बंड्या कापूस घेऊन पांढुर्ण्याला जातच होत्या, परतताना रिकाम्या यायच्या.

त्याच बंड्यांतून आमचे सामान आले, भांड्याकुंड्यांना, गाद्यांना आणि माझ्या पुस्तकांनाही कापूस चिकटलेला. तेव्हा फागुन लागत होता, ऊन कोवळे होते आणि कुंपणापलीकडे तीच माना टाकलेली झाडे पांढऱ्या फुलांनी इतकी भरली होती की बायको पहिला पोहरा काढायला गेली ती वासाने थांबलीच. जामसांवलीचा नारळ वाटेतच फोडून झाला होता.

जेठात पांढुर्ण्याहून गल्लीतल्या भांडणांच्या बातम्या येत होत्या आणि आमच्या विहिरीला दोर थोडा जास्त सोडावा लागायचा, एवढेच. एका सकाळी मी ओसरीवर बसून सहज म्हटले, की काही म्हण, घर बदलायला काळ मात्र आपण नेमका निवडला.

तिने पोहरा वर घेतला, घागर भरली, कंबर सरळ केली आणि म्हणाली, “निवडला ना. पुढचं घरही तुम्हीच पाहून या. तुम्ही नको म्हणून आले की सामान बांधाले घेऊ.”