काजळाचं बोट फिरवलेली सीडी

"साहेबानू, मी काय नाय केलंय वो! काजळ लावलंय फक्त! काजळ लावणं गुन्हा हाय काय?"

रत्नागिरीतल्या आमच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतानाच ती ओरडत होती. काखेत आठ महिन्यांचं पोर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. नोकरी संपून वर्षं झाली, पण तिचा तो आवाज कानातून गेलेला नाही.

घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका ऑडिओ कंपनीचा माणूस आदल्या दिवशी फिर्याद घेऊन आला. त्यांनी नव्या सीड्यांना कुलूप घातलं होतं. साध्या प्लेअरवर वाजतील, कॉम्प्युटर मात्र वाचणार नाही, म्हणजे नक्कल निघणार नाही. तरीही आमच्याकडे नकला बाजारात. खबऱ्याने स्टँडजवळचं एक कॅसेटचं दुकान सांगितलं. पंच घेऊन छापा घातला, मुद्देमाल मिळाला. दुकानदार लगेच बोलायला लागला.

"कुलूप मी नाही काढत साहेब. खालच्या आळीतली वहिनी काढून देते. नवरा बोटीवर असतो तिचा."

मला वाटलं, मोठी टोळी हाती लागली. महिला शिपाई पाठवून तिला आणलं, घरचा कॉम्प्युटर जप्त केला. कंपनीच्या माणसाने तो तपासला. कुलूप तोडणारा प्रोग्रॅम काही सापडला नाही.

जबाब लिहिताना आमचे हवालदार सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावतात. 'समक्ष विचारल्यावरून लिहून देते की...' अशा जबाबात माणूस दिसत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "ती बोलते तसंच लिही." ते असं:

"माझं शिक्षण सातवी. कॉम्प्युटर ह्यांनी आणलानी, मला चालू-बंद तेवढं येतं. आमचा टेप बिघडला आणि हा पोर गाण्याबिगर घास घेत नाय, तोंडच उघडत नाय, म्हणून सीडी आणली नवी. कॉम्प्युटरात घातली की घरघर घरघर करायची नि गप. दोनदा ह्या दुकानदाराकडे परत नेली. तो म्हणाला, सीडी चांगली हाय वहिनी, तुमची मशीनच खराब. सासू म्हणाली, अगो, आरशासारखी चकाकतेय, उघडी मिरवलीस गावभर, दृष्ट लागली तिला, तीट लाव. मग मी पोराच्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं नि कडेकडेनं फिरवलं, मधी लावलं तर गाणी मळतील ना, म्हणून कडेनं. आणि वाजली वो! मी धावत जाऊन दुकानात सांगितलं, तर हसला. दुसऱ्या दिवशी आणखी सीड्या घेऊन दारात हजर, वहिनी, तुमच्या हाताला गुण हाय, ह्यांना पण लावा. मी लावलं. चहा पण दिला मेल्याला! तो त्याचं काय करतो मला काय ठाऊक? साहेब, मला आत टाकलंत तर ह्याला कोण बघणार? अंगावर पितोय अजून."

कंपनीचा माणूस हसला. "काजळाने कुलूप निघतं? साहेब, ही तुम्हाला बनवतेय."

मी दुकानदाराला विचारलं, "मग तूच का नाही लावलंस?"

"लावलं होतं साहेब. मधोमध टिळा लावला. सीडीच गेली."

इथे मला पहिल्यांदा वाटलं की बाई खरं बोलत असावी. खोटं रचणाऱ्याला असला मूर्खपणा सुचत नाही.

पंचांसमोर कंपनीच्या एका नव्या सीडीचं वेष्टन फोडलं आणि ती कंपनीच्या माणसाच्याच लॅपटॉपमध्ये घातली. घरघर, पुढे काही नाही. महिला शिपाई म्हणाली, "घाबरू नको बाय, घरी लावतेस तसं लाव." तिने पोराची डबी उघडून बोटावर काजळ घेतलं. कडेने काळी रेघ फिरली. सीडी परत आत गेली.

गाणं सुरू झालं. हवालदारांचं पेन थांबलं. कोठडीतला दारुडा म्हणाला, "जरा मोठ्यानं लावा!" आणि इतका वेळ रडणाऱ्या पोराने आवाज ऐकताच आ वासला.

"आता भरवावं लागंल," ती म्हणाली. शिपाईबाईने डब्यातला भात पुढे केला.

कंपनीच्या माणसाने सीडी उलटसुलट बघितली, मग सावकाश सांगितलं. कॉम्प्युटरला चकवणारी खोटी माहिती सीडीच्या बाहेरच्या कडेला असते. कॉम्प्युटर ती आधी वाचतो आणि अडकतो. तीच झाकली गेली, की पुढची गाणी त्याला सरळ दिसतात.

"म्हणजे कुलूप हिनेच तोडलं," तो म्हणाला. "मुख्य आरोपी हीच. लिहा."

त्याचं चूक नव्हतं. तिच्या बोटाशिवाय एकही नक्कल निघाली नसती. मी मात्र तिला साक्षीदार केलं आणि संध्याकाळच्या आत घरी पाठवलं. त्याने वर तक्रार केली. मला लेखी खुलासा द्यावा लागला. वरिष्ठांनी एकच शेरा मारला: 'अधिकारी भावनेच्या आहारी गेला.'

या केसने मला एक शिकवलं. कोणी केलं हे विचारण्याची आम्हाला फार घाई असते. कसं केलं हे आधी विचारलं, तर कधीकधी गुन्हेगारच बदलतो. पण तो शेरा माझ्या सेवापुस्तकात राहिला, आणि तो सगळाच खोटा होता असंही मला म्हणता येत नाही. त्या पोराने तोंड उघडलं नसतं, तर मी काय लिहिलं असतं, देव जाणे.

समोर फिर्यादी, हातात कायदा, टेबलावर पुरावा आणि बाकावर लेकराला भात भरवणारी ती. माझ्या खुर्चीत तुम्ही असतात, तर तिचं नाव कोणत्या रकान्यात लिहिलं असतंत?